एकाच जखमेची शिलिंगं

१

भिंगोबा हे नाव दुकानाच्या मालकाने ठेवलं आणि ते असं काही चिकटलं, की घरी बायको रागावली म्हणजे तीही ‘अहो भिंगोबा’ म्हणून हाक मारायची. माणूस तसा सरळमार्गी. सकाळी चहा, मग बस, मग जुन्या नाण्यांचं ते बोळासारखं लांबट दुकान आणि दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीजवळचं टेबल. टेबलावर दिवा, बारीक तराजू, मापं घ्यायचा कॅलिपर आणि डोळ्याला लावायचं भिंग. लोक आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली ब्रिटिश नाणी घेऊन यायचे, पेनी म्हणा, शिलिंग म्हणा, हाफ क्राउन म्हणा, आणि आता आपलं नशीब उघडलंच अशा चेहऱ्याने दाराशी उभे राहायचे. बहुतेकांचं उघडलेलं नशीब भिंगोबा चहा निवायच्या आत बंद करून द्यायचे.

पद्धत ठरलेली. नाणं कडेने धरायचं. कुणी मुठीत घेतलं की भिंगोबा खेकसलेच, "अहो, नाणं आहे ते, जिन्याचा कठडा नव्हे!" मग वजन. मग संगमरवराच्या तुकड्यावर टाकून आवाज. मग कडेचे कंगोरे. आणि सगळ्यात शेवटी भिंग लावून ते एकच गोष्ट शोधायचे, ती म्हणजे जखम.

"खरं नाणं ठोकून घडवतात," ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, ऐकायचं असो वा नसो. "खोटं करणारा लबाड काय करतो? एक खरं नाणं घेतो, त्याचा साचा काढतो आणि त्यात धातू ओततो. पण ते खरं नाणं जन्मभर हातोहात फिरलेलं असतं. कुठे चेचलेलं, कुठे ओरखडलेलं. साच्यात तो ओरखडाही उतरतो. मग त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक पोराच्या अंगावर बापाची जखम! दोन माणसं एकाच दगडाला ठेचकाळतील हो, पण दोघांना हुबेहूब एकच खोक पडेल का? दोन नाण्यांवर एकच जखम दिसली की समजायचं, निदान एक तरी खोटं."

ओतीव नाणं ओळखायच्या बाकीच्या खुणा ते शेवटी सांगायचे. निवताना धातू आकसतो, त्यामुळे ते मुळापेक्षा केसभर लहान भरतं. बारीक रेषा बोथटतात. आणि अंगावर हवेच्या बुडबुड्यांचे टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे राहतात. "ते खड्डे दिसले," भिंगोबा म्हणायचे, "की पुढे बोलायचं कामच नाही."

२

ती शिलिंगं आणणारा माणूस अगदी कुणाच्याही ओळखीचा वाटावा असा होता. एवढ्या उकाड्यात त्याने गळ्याला मफलर गुंडाळलेला होता, तेवढंच काय ते मालकाच्या लक्षात राहिलं. पिशवी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "बघून ठेवा. घाई नाही." आणि गेला तो गेलाच.

पिशवीत म्हाताऱ्या राणीच्या मुखवट्याची शिलिंगं होती. भिंगोबांनी पहिलं तोललं, वजन बरोबर. संगमरवरावर टाकलं, आवाज खणखणीत. भिंग लावलं. राणीच्या कानाखाली, मानेवर, नखाने उमटवावी तशी एक चंद्रकोर होती आणि तिच्या खालच्या टोकाला बारीक शेपटी. त्यांनी दुसरं उचललं. तीच चंद्रकोर, तीच शेपटी. तिसऱ्यावरही तीच. भिंगोबा गालातल्या गालात हसले.

"आलं का हसू? आता कुणाची तरी धडगत नाही," मालक दारातून म्हणाला. त्यानेही एक शिलिंग उचलून हातात खेळवायला घेतलं होतं.

"ओतीव आहेत," भिंगोबा म्हणाले. "गालावर खड्डे बघा. पण मालक, चांदी अस्सल आहे. वजनाला रतीभरही कमी नाही."

"म्हणजे शिलिंगाएवढी चांदी घालून शिलिंग केलं? मग त्या गाढवाला मिळालं काय?"

"तेच तर कळत नाहीये."

खोटं करण्यात कुणाचा तरी फायदा असतो, हा भिंगोबांच्या जगाचा पाया होता. फायदा दिसला की माणूस कळतो आणि माणूस कळला की भीती वाटत नाही. इथे तो पायाच सापडेना. त्यांना उगाचच हात धुवावेसे वाटले.

तरी जाताना त्यांनी त्यांतलं एक शिलिंग कागदात गुंडाळून खिशात टाकलं. नाण्यांच्या नादाला लागलेल्या माणसांची ही जुनी खोड आहे. चांगलं जमलेलं खोटं नाणं फेकायचं नाही, ते घरी नेऊन खऱ्यांच्या शेजारी ठेवायचं, म्हणजे रोज दोन्ही बघून नजर तयार राहते. भिंगोबांनी आजवर असंच केलं होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं.

३

घरी त्यांच्या नाण्यांचा ट्रे होता, हिरव्या मखमलीचा, प्रत्येक नाण्याला गोल खाच. मधल्या खाचेत वडिलांनी दिलेलं शिलिंग. तेच शिलिंग, ज्याच्यामुळे हा नाद लागला. त्याचा एकेक ओरखडा भिंगोबांना तळहाताच्या रेषांसारखा पाठ होता. त्याच्या शेजारची खाच रिकामी होती, तिथे त्यांनी नवं शिलिंग ठेवलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा घेऊन ते ट्रेपाशी बसले. वडिलांच्या शिलिंगावर कानाखाली चंद्रकोर होती. खाली शेपटी.

ते हसले. माणूस घाबरला की आधी हसून बघतो. नाणी अदलाबदल झाली असतील, म्हातारपण येतंय, दुसरं काय! त्यांनी शेजारचं उचललं. त्यावरही चंद्रकोर. मग ट्रेमधलं प्रत्येक शिलिंग उचललं, उचलताना कप कलंडला आणि चहा मखमलीवर सांडला, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. एकूण एक नाण्यावर तीच जखम होती.

"अगं, ट्रेला हात लावलास का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"लावला. पुसायला काढला होता," बायको आतून आली. "केवढी धूळ ती! तुम्हाला राणीच्या नाकावरची माशी दिसते, ट्रेवरची धूळ दिसत नाही." आणि सांडलेला चहा पुसायला ती वाकली. केस एका बाजूला सरले.

तिच्या कानाखाली नखाएवढी चंद्रकोर होती. जुनी, पांढुरकी पडलेली. खालच्या टोकाला बारीक शेपटी.

"हे... हे कधी लागलं तुला?"

"हे होय?" ती फडकं पिळत म्हणाली. "लहानपणी खिडकीची कडी लागली. आईने ओला रुमाल दाबून धरला होता, बराच वेळ." आणि मग नेहमीसारखी हसली. "आज दिसलं वाटतं! धन्य आहे तुमच्या भिंगाची."

आता तुम्हीच सांगा, इतकी वर्षं संसार केलेला माणूस बायकोच्या कानाखाली कधी बघतो का? भिंगोबांनी स्वतःला हेच विचारलं. असेलही आधीपासून. त्यांनी कपाटातून जुने फोटो काढले. एकात तिचे केस कानावर होते, एकात ती डावीकडे वळलेली, एकात मांडीवर लहानगी लेक आणि लेकीचं डोकं नेमकं तिथेच आड आलेलं. एकाही फोटोवरून ‘होती’ म्हणता येईना आणि ‘नव्हती’ म्हणता येईना. फोटोंच्या ढिगात ते जेवायची हाक येईपर्यंत बसून राहिले.

४

दुसऱ्या दिवशी दुकानात मालक पाठमोरा बसून हिशेब करत होता. भिंगोबांना खरं म्हणजे बघायचं नव्हतं. डोळ्यांना लागलेली सवय, ते गेलेच कानाखाली.

"मालक," भिंगोबा म्हणाले, "तुमच्या मानेवर ते..."

"हे होय?" मालक मागे न वळता म्हणाला. "लहानपणी खिडकीची कडी लागली. आईने ओला रुमाल दाबून धरला होता, बराच वेळ."

तेच शब्द. ‘होता’नंतर तेवढंच थांबणं आणि ‘बराच वेळ’ म्हणताना आवाजाला तोच हलका उतार. भिंगोबा आवाजावर जगलेला माणूस. दोन झिजलेली नाणी संगमरवरावर कधीच तंतोतंत एकसारखी वाजत नाहीत, हे ते झोपेतही सांगतील. इथे दोन माणसं एकसारखी वाजली होती.

मागच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं आणि टेबलाच्या कडेला धरून बसले. बाहेर मालक कुणाशी तरी घासाघीस करत होता, नेहमीचे विनोद करत होता. गिऱ्हाईक हसत होतं. सगळं इतकं रोजच्यासारखं, की आपणच वेडे झालो असं वाटावं. तसं झालं असतं तर बरं, असंही त्यांना वाटून गेलं. वेडावर औषध तरी असतं.

मग त्यांचं पारखी डोकं हळूहळू चालायला लागलं. निदान एक तरी खोटं, असं आपण म्हणतो. दोन्ही खोटी असं नाही म्हणत! कारण जखम मूळ नाण्यावरही असतेच. साचा ज्याच्यावरून काढला, त्याच्या अंगावर ती खरी असते. म्हणजे ही जखम खरोखर कुणाला तरी झाली असणार. कुणाच्या तरी लहानपणी, कुठल्या तरी खिडकीपाशी. ती मुलगी माझीच बायको कशावरून नसेल? मालक खोटा असेल, तो मफलरवाला खोटा असेल. ती अस्सल असेल!

बुडत्याला काडीचा आधार, त्यातली गत. पण त्या काडीवर भिंगोबा घरी आले, जेवले आणि बायकोने वाढताना "आज एवढं काय बघताय?" असं विचारलं तेव्हा "काही नाही, छान दिसतेस" असंही म्हणाले. ती लाजली. अगदी पूर्वीसारखी लाजली. तिचा चष्मा मात्र सारखा नाकावरून घसरत होता आणि बोटातली अंगठी बसावी म्हणून तिने खाली दोरा गुंडाळला होता.

"वाळलीस का गं?"

"छे! वजन तेवढंच आहे," ती म्हणाली. "सगळंच जरा सैल व्हायला लागलंय, एवढंच."

५

दुपारी ती खुर्चीत पेपर वाचता वाचता झोपली. एक हात पेपरवर पालथा, दुसरा मांडीवर उताणा. खिडकीतून पांढरं स्वच्छ ऊन येत होतं, नाणी बघायला लागतं तसं.

भिंगोबांनी खिशातून भिंग काढलं. लाज वाटत होती त्यांना. ज्या बाईने आपल्या आजारपणात उशाशी रात्री काढल्या, तिला नाण्यासारखं तपासायचं? पण एकदा बघितलं की संपलं. बोटांच्या ठशांच्या रेषा ठसठशीत दिसल्या, की भिंग फेकून देऊ, तिला उठवू, चहा करून देऊ. त्यांनी मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि गुडघ्यांवर बसून तिच्या उताण्या बोटावर भिंग धरलं.

रेषा होत्या. पण कडा बसलेल्या, ओल्या मातीवरून हात फिरवावा तशा बोथट. आणि रेषांच्या मधे, पेरावर, तळव्याकडे उतरत गेलेले टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. गोल. गुळगुळीत. मोजता येणार नाहीत इतके.

पंखा फिरत होता. पेपरचं पान फडफडत होतं. भिंगोबांना श्वास घ्यायचा होता आणि तो कुठून घेतात तेच आठवेना.

"सापडलं काही?" डोळे न उघडता बायको म्हणाली.

६

दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीला घरात सगळे ठकी म्हणत. ‘सगळे’ म्हणजे हे दोघेच. ठकी हा भिंगोबांचा जीव की प्राण. ती सुट्टीला घरी येणार होती आणि भिंगोबांच्या डोक्यात आता दुसरं काहीही नव्हतं. आपलं जे व्हायचं ते होवो. ते शिलिंग आपण घरात आणलं, भोगायचं तर आपण भोगू. पण पोर या घरात पाऊल टाकता कामा नये.

संध्याकाळी बायको गॅलरीत कपडे काढायला गेली तेव्हा त्यांनी फोन लावला.

"ठकी, ऐक. तू येऊ नकोस."

"का? काय झालं बाबा? आवाज असा का येतोय तुमचा?"

"काही विचारू नकोस. येऊ नकोस म्हणजे नकोस. आईला..."

मागून एक हात आला आणि हलकेच फोन काढून घेऊन गेला. "हं, बोल बाळा," बायको कपड्यांचा ढीग खांद्यावर सावरत म्हणाली. "अगं, बाबांचं जरा बिनसलंय आजकाल. झोप नाही, जेवण नाही. तू लवकरच ये बघू. तू आलीस की त्यांना बरं वाटेल." पलीकडून ठकीचा रडवेला आवाज आला, उद्याच निघते म्हणून.

बायकोने फोन ठेवला आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. "घाबरलात का हो एवढे?" ती मायेने म्हणाली. खरंच मायेने. भिंगोबांना सगळ्यात जास्त भीती त्या मायेची वाटली, कारण ती पूर्वीइतकीच गोड होती.

७

बस यायच्या बऱ्याच आधी ते घरातून निघाले. निघण्यापूर्वी न्हाणीघरात दोन आरसे समोरासमोर धरून त्यांनी आपली मान पाहिली. कानाखाली काही नव्हतं. सुरकुत्या, एक पांढरा केस, बस्स. त्यांना रडू आलं.

"आणायला निघालात ना? जा," बायको आतून म्हणाली. "मी पाणी तापत ठेवते. दमून येईल पोर."

हातमोजे घालून त्यांनी नाण्यांचा ट्रे पिशवीत कोंबला आणि वाटेतल्या नाल्यात टाकून दिला. वडिलांचं शिलिंगही गेलं. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मग बस स्टँडवर, फलाटासमोरच्या बाकावर बसले आणि काय बोलायचं ते घोकायला लागले. ठकीसमोर पाघळायचं नाही. एका दमात सांगायचं.

ठकी, घरी येऊ नकोस. आईला हात लावू नकोस. याच बसने परत जा आणि मी बोलावलं तरी येऊ नकोस.

शेजारी कुणी तरी शेंगा सोलत होतं. शर्टाची कॉलर टोचत होती, भिंगोबांनी ती जरा सैल केली.

ठकी, घरी येऊ नकोस. याच बसने परत जा, मी बोलावलं तरी येऊ नकोस.

ऊन छान पडलं होतं. बाकाचं लोखंड गार लागत होतं. मधे काही तरी आईबद्दल होतं का? असेल, बोलता बोलता आठवेल. उगाच एवढा घोर लावून घेतला, असं त्यांना वाटलं. कॉलरपाशी जरा खाजलं, त्यांनी बोटाने चोळलं.

ठकी, याच बसने. मी बोलावलं.

बस आली. भोंगा वाजवत, धूर सोडत, नेहमीसारखी तिरकी उभी राहिली. दारात ठकी दिसली. वाऱ्याने केस विस्कटलेले, कपाळावर आठी. तिची मान स्वच्छ होती. तिने बाबांना बघितलं आणि पायरीवरूनच बॅग खाली टाकून त्यांच्या गळ्यात पडली.

"किती घाबरवलंत बाबा! रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या." मग ती जराशी मागे सरली. "अय्या, हे काय लागलंय इथे? कानाखाली?"

"हे होय?" भिंगोबा म्हणाले. "लहानपणी खिडकीची कडी लागली. आईने ओला रुमाल दाबून धरला होता, बराच वेळ."

ती खिडकी त्यांना लख्ख आठवली. तिचा निळा रंग, गजांमधून येणारं ऊन, मानेवर गार लागणारा रुमाल. आईचा चेहरा तेवढा नीट आठवेना.

"मला कसं कधी दिसलं नाही?" ठकीने त्या खुणेवरून बोट फिरवलं.

"तू कशाला बघायला जातेस म्हाताऱ्याच्या मानेवर!" ते हसले. तीही हसली. तिच्या कपाळावरची आठी गेली. बाबा बरे दिसत होते. फोनवर वाटले त्यापेक्षा कितीतरी बरे, शांत.

त्यांनी बॅग उचलली. मागे बसचा कंडक्टर परतीच्या गावाचं नाव पुकारत होता. ते ऐकून भिंगोबा क्षणभर थबकले, बसच्या उघड्या दाराकडे बघत राहिले.

"काय झालं बाबा?"

"तुला काही तरी सांगायचं होतं गं. सकाळपासून घोकत होतो."

"काय?"

"काय होतं बरं..." त्यांनी खूप आठवून पाहिलं. काही तरी महत्त्वाचं होतं खरं. बस हलली, वळली आणि फाटकातून बाहेर गेली. "जाऊ दे. घरी गेल्यावर आठवेल. चल, आई वाट बघतेय."

आणि लहानपणी धरायचे तसा तिचा हात घट्ट धरून त्यांनी तिला रस्ता ओलांडून नेलं.